उतारवयात घाट उतरताना

महाबळेश्वर तालुक्यातल्या डोंगरात आमचं छोटं गाव आहे. तिथल्या बचत गटाच्या आम्ही अकरा जणी. आज बोलतेय एक जण, पण हे भाषण आम्ही सगळ्यांनी बैठकीत बसून तयार केलंय. म्हणून 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणतो.

आजचा विषय तुमच्या घरात कधी ना कधी निघणारच. माणूस थकलं, काम सुटलं, आणि राहतं गाव शरीराला झेपेनासं झालं, तर कुठं राहायला जायचं? हातातल्या पैशात भागेल असं, आणि हाडांना जरा ऊब मिळेल असं गाव कसं निवडायचं? आम्ही हे पुस्तकात वाचलेलं नाही. आमच्या गटातल्या एका काकूंसाठी आम्ही हे करून बघितलंय. तेच सांगतो. नावं सांगत नाही, काकू आणि काका एवढंच म्हणतो.

काका वरच्या बाजारात एका हॉटेलात तीस वर्षं कामाला होते. आता बासष्ट वर्षांचे आहेत. त्यांना दमा आहे. काकूंनी उभा जन्म दुसऱ्याच्या स्ट्रॉबेरीत वाकून काढला. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. आमचं गाव साडेचार हजार फुटांच्या आसपास उंचीवर. पाहुणे लोक दोन दिवस येतात, धुक्यात फोटो काढतात आणि जातात. आम्ही त्या धुक्यात चार महिने राहतो. जून ते सप्टेंबर ढग घरात शिरतात. भिंतींना बाहेरून गवताच्या झड्या आणि प्लॅस्टिकचा कागद बांधला तरी आतून ओल येते. अंथरूण दमट, सरपण दमट, धुतलेलं लुगडं चुलीवर धरल्याशिवाय वाळत नाही. तरण्या माणसाला याचं काही वाटत नाही. पण काका रात्र रात्र उशीला टेकून बसून काढायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, औषध चालू ठेवा, पण ओलीत आणि धुरात राहू नका. आता आमच्या घरात ओल नाही आणि धूर नाही अशी जागा कुठली?

एका गणपतीत काकू बैठकीत म्हणाल्या, "अजून एक पावसाळा ह्यांच्यानं निघायचा न्हाय. मला खाली जावं लागंल."

नेमकं त्याच सुमारास एक दलाल गावात फिरत होता. काकांचं घर आणि बारा गुंठे रान मिळून चांगली मोठी रक्कम देतो म्हणाला. मुंबईतला मुलगा म्हणाला, विकून टाका, पैसे घ्या, मोठ्या गावात फ्लॅट घेऊ. काकांचं मन त्या रकमेवर बसलं. काकू गप्प. आम्ही विचारलं, "काकू, तुमचं काय म्हणणं?" तर म्हणाल्या, "माझं म्हणणं इचारलंय कुनी?"

त्या दिवशी आम्हाला आमच्याच वाडीतल्या एका आत्यांची आठवण झाली. बरीच वर्षं झाली. आत्यांच्या नवऱ्यानं वरचं घर विकलं आणि लांबच्या एका मोठ्या गावात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. खोल्या त्यांच्या एकट्याच्या नावावर. जिना उतरायला नको म्हणून आत्या आठ-आठ दिवस खाली येत नसत. मग मामा वारले. वारस म्हणून नाव लावायला दोन वर्षं गेली. शेजाऱ्यांची ओळख नाही, गावाकडं घर नाही. आता दर वर्षी जत्रेला आत्या येतात आणि एस.टी.तून उतरल्यावर उभ्या राहतात. आज कुणाच्या घरी उतरायचं, हे त्यांना ठरवावं लागतं. ज्या गावात त्या चाळीस वर्षं नांदल्या, त्या गावात.

म्हणून आम्ही काका-काकूंना एकच विनंती केली. दलालाला सहा महिने थांबायला सांगा. तोवर आपण गावं बघू. गटातल्या आम्ही चौघी त्यांच्यासोबत फिरायला तयार झालो.

आधी पैशाचा हिशेब मांडला. गटाच्या वहीत कसा मांडतो, तसाच. काकांना भविष्य निर्वाह निधीची पेन्शन महिन्याला २,८५० रुपये. त्यांच्या पाठीमागे काकूंना त्याच्या निम्मी मिळेल. हे काकूंना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. फंडाचे साडेसहा लाख आले होते. त्यातले पन्नास हजार अडीअडचणीला साध्या खात्यात ठेवले. सहा लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. साठी ओलांडलेल्यांना ही योजना मिळते. मुदत पाच वर्षं. काकांनी ठेवले तेव्हा व्याज वर्षाला ८.२ टक्के होतं, आणि खातं उघडताना जो दर असतो तो पाच वर्षं तसाच राहतो. म्हणजे वर्षाला ४९,२०० रुपये. दर तीन महिन्यांनी १२,३०० हातात येतात. महिन्याला धरले तर ४,१००. खातं नवरा-बायको दोघांच्या नावे उघडता येतं, तसंच उघडलं. मध्येच मोडलं तर थोडी रक्कम कापली जाते, म्हणून ते पन्नास हजार बाजूला. रान शेजाऱ्याला खंडानं दिलं, वर्षाला पंधरा हजार, म्हणजे महिन्याला १,२५०. सगळं मिळून झाले ८,२०० रुपये.

मैत्रिणींनो, गाव निवडायच्या आधी हा आकडा काढा. कारण आधी गाव बघितलं की मन तिथं बसतं, आणि मग हिशेब मनासारखा मांडला जातो.

आता गावं. आमच्यासमोर चार नावं होती.

पहिलं महाड. आमच्या डोंगरातल्या पुष्कळ घरांची सोयरीक खाली पोलादपूर-महाडला. आंबेनळी घाट उतरला की कोकण. तिथं थंडीतसुद्धा रात्री गोधडी एकच पुरते. ऊब म्हणाल तर चौघांत पहिला नंबर. पण पाऊस तिथंही धो धो. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं होतं, आणि त्याच दिवसांत तळियेला दरड कोसळली. आंबेनळी घाटही दरडी येऊन बंद पडतो. वरून माणूस जाणार कसं? काकू म्हणाल्या, "ऊब हाय, पर वाट न्हाय."

दुसरं फलटण. जिल्ह्याच्या पूर्वेला, पाऊस बेताचा, ऊन भरपूर, जमीन सपाट. गुडघ्यांना चढ-उतार नाही. काकांना फार आवडलं. पण आम्ही मे महिन्यातही एक फेरी मारली. दुपारी वाजले होते दोन. पत्र्याच्या खोलीत आम्ही दहा मिनिटं बसलो आणि उठून आलो. जन्मभर गार हवेत राहिलेलं शरीर ते. शिवाय आमच्या गावातलं कुणीच फलटणला जात नाही. दोघंच पडली असती.

तिसरं सातारा. मोठं सरकारी जिल्हा रुग्णालय तिथं. पण आमच्या आकड्यात बसणारं भाडं फक्त वरच्या मजल्यांवर किंवा चढावर मिळत होतं. गुडघे धरलेल्या बाईला चढावरची खोली म्हणजे कोंडवाडाच.

चौथं वाई. पसरणीचा घाट उतरला की वाई. उंचीला आमच्यापेक्षा दोन हजार फुटांनी खाली. ग्रामीण रुग्णालय आहे, खासगी दवाखाने आहेत, बाजार आहे, कृष्णेचे घाट आहेत, ढोल्या गणपती आहे. आणि मोठी गोष्ट म्हणजे आमच्या वरच्या माणसांना काही ना काही कामानं वाईला यावंच लागतं. डॉक्टर, बियाणं, लग्नाचा बस्ता, बँकेचं काम, पुण्याची गाडी.

जानेवारीत आम्ही वाईला एका ओळखीच्या घरी रात्रीचा मुक्काम केला. हे मुद्दाम केलं. पहाटे अशी थंडी वाजली की काकू गोधडीतूनच म्हणाल्या, "हितंबी गारठाच हाय की! मग कशाला उतरायचं?" आम्ही हसलो, पण बोलणं खरं होतं. रात्री गार हवा डोंगरावरून खाली उतरते आणि खोऱ्यात साचते. म्हणून थंडीतल्या पहाटे वाई काही ऊबदार नसते. फरक कळला तो सकाळी आठ-साडेआठला. दारात ऊन आलं. काकू उन्हात पाय पसरून बसल्या त्या अकरा वाजेपर्यंत. तेव्हा आमच्या लक्षात आलं की आपल्याला नुसती कमी थंडी नको आहे. आपल्याला कोरडी भिंत आणि दारातलं ऊन पाहिजे. ते गावावर जितकं असतं, तितकंच घरावर असतं. वाईतसुद्धा काही बोळांत दिवसभर ऊन येत नाही. म्हणून घर बघायला सकाळी जा आणि दुपारी परत जा. भिंतीला हात लावून बघा. कोपऱ्यात काळे डाग दिसले तर पावसाळ्यात तिथं ओल येते, नवा रंग दिलेला असला तरी वास घेऊन बघा.

नदीचंही विचारलं. कृष्णेला पूर आला की घाटावरच्या देवळांत पाणी शिरतं. घरमालकाला विचारून उपयोग नाही, तो कशाला सांगेल? आम्ही शेजारच्या म्हातारीला विचारलं, "आज्जी, पाणी कुठवर आलं होतं?" तिनं काठी टेकवून दाखवलं. ती खूण सोडून वरच्या अंगाला आम्ही घर शोधलं.

पहिलं घर पसंत पडलं ते दोन खोल्यांचं, भाडं ४,००० रुपये. वही उघडली. भाडं ४,०००, वीज ४००, गॅस ४५०, औषधं ९००, किराणा-दूध-भाजी २,८००. झाले ८,५५०. जमा ८,२००. दर महिन्याला साडेतीनशे कमी, आणि यात पाहुणा नाही, एस.टी. नाही, आहेर नाही. काका म्हणाले, "होईल कसंतरी." आम्ही म्हटलं, कसंतरी होत नाही काका, गटाची वही हेच शिकवते.

मग जुन्या वस्तीत तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालं. भाडं २,५००. उंबऱ्याला पायरी एकच. संडास घरातच, त्यावर ठेवायला आम्ही प्लॅस्टिकची खुर्ची आणली. खर्च ७,०५० वर आला आणि महिन्याला १,१५० शिल्लक. खोली लहान आहे. मुलगा-सून आले की काका ओट्यावर झोपतात. पण हिशेब जमला.

आता कागदांचं. इथं जरा कान देऊन ऐका.

भाड्यानं राहायचं तर अकरा महिन्यांचा करार होतो. महाराष्ट्रात हा करार लेखी करून नोंदवावा लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. तुम्ही मागितलात तर त्यात वाईट वाटायचं कारण नाही. करारात दोघांची नावं घाला. डिपॉझिट दिलं तर आकडा त्यात लिहून घ्या.

रेशनकार्ड लगेच हलवायची घाई नको. आधारला जोडलेलं कार्ड असेल तर अंगठा देऊन दुसऱ्या गावच्या दुकानातूनही धान्य घेता येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणतं हॉस्पिटल आहे, ते राहायला जायच्या आधीच विचारून ठेवा. ही योजना दवाखान्यात दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. म्हणून औषधाचा खर्च वहीत धरायचाच. पेन्शनसाठी दर वर्षी हयातीचा दाखला लागतो. तो आता अंगठा देऊन जवळच्या सेवा केंद्रातही होतो, त्यासाठी जुन्या गावी हेलपाटा नको.

आणि बाईचं नाव. करार झाल्यावर आम्ही काकांसमोर बसलो. म्हटलं, काका, खाली तुम्ही दोघं जाणार, पण उद्या एक जण मागं राहणार. वरच्या घराच्या ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात. आणि शेतीच्या सातबाऱ्यावर नवऱ्यानं स्वतः अर्ज केला तर लक्ष्मी मुक्ती योजनेत बायकोचं नाव लागतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं हा विषय गावोगावी नेला होता आणि १९९२ पासून सरकारचा तसा आदेशही आहे. इतकी वर्षं झाली, पण आमच्या अकरा जणींपैकी सातबाऱ्यावर नाव होतं फक्त दोघींचं.

काका चार दिवस काही बोलले नाहीत. राग आला असेल. पाचव्या दिवशी ग्रामसेवकाकडं जाऊन अर्ज घेऊन आले आणि काकूंना म्हणाले, "कर सही." काकूंनी सही केली. गटात शिकलेली सही. दलालाला नाही म्हणून सांगितलं. मुलगा थोडा नाराज झाला, पण आता तोही मे महिन्यात मुलांना घेऊन वरच्या घरीच येतो.

याच जागी एक गोष्ट सांगून ठेवतो. काही घरांत आई-वडील घर मुलाच्या नावे करून देतात. द्यायचंच असेल, तर 'आम्हाला शेवटपर्यंत सांभाळायचं' ही अट त्या कागदातच लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा आहे. अट लिहिलेली असेल आणि पाळली नाही, तर प्रांत कार्यालयात अर्ज करून तो व्यवहार रद्द करून मागता येतो. तोंडी शब्दावर ते जड जातं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, काका-काकू घाट उतरले. सोबत दोन पेट्या, गोधड्या, पाटा-वरवंटा. वरचं घर झड्या बांधून बंद केलं, किल्ली शेजारी. जुने लोक सांगतात की इंग्रजांच्या वेळी साहेब लोक उन्हाळ्यापुरते वर येत आणि पाऊस लागायच्या सुमाराला खाली उतरत. काका म्हणाले, "आता आपुन साहेब झालो."

सगळं गोड झालं असं नाही. पहिला महिना काकू दाराला कडी लावून बसायच्या. शेजारणींशी काय बोलायचं कळेना. पाण्याची वेळ ठाऊक नाही, कुठला दुकानदार उधार देतो ठाऊक नाही. काका रोज संध्याकाळी एस.टी. स्टँडवर जाऊन बसायचे, आमच्याकडची गाडी येते ती बघायला. आम्हाला वाटलं, आपण चुकलो की काय.

मग त्याच स्टँडनं वाट काढली. आमच्यातली जी कुणी वाईला उतरेल, ती काकूंकडं चहाला जायची. कुणी नाचणीचं पीठ न्यायचं, कुणी रानातली भाजी. काकूंची खोली म्हणजे आमचं वाईतलं थांबायचं ठिकाण झालं. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत लेकरू तिथं झोपायचं. शेजारणी विचारायला लागल्या, ह्या रोज येणाऱ्या बाया कोण? तिथून बोलणं सुरू झालं. फलटणला गेल्या असत्या तर हे झालं नसतं. फलटण वाईट नाही. आमची वाट तिकडं जात नाही एवढंच.

गटाचा प्रश्न राहिला होता. गाव सोडलं म्हणजे गट सुटला का? आम्ही ठराव केला की काकूंचं नाव वहीत राहील. महिन्याच्या बैठकीला त्या येतात. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, ते शिल्लकीतून निघतं. पावसात घाट बंद असेल त्या महिन्याची बचत फोनवरून येते.

त्या पावसाळ्यात काकांना दम लागला, पण दोनच वेळा, आणि दवाखाना चालत जाण्याइतका जवळ होता. काकूंचे गुडघे काही बरे झाले नाहीत. ऊन म्हणजे गुडघ्याचं औषध नव्हे. पण सकाळी उठून बसायला आधी अर्धा तास लागायचा, आता तितका लागत नाही असं त्या सांगतात. श्रावणात आम्ही गेलो तेव्हा दोरीवरचं लुगडं काढताना म्हणाल्या, "बघा गं, कालच धुतलं, वाळलंय." आमच्या घरी त्या वेळी आठ दिवसांची धुणी चुलीवर लोंबत होती.

दिवाळीच्या आधी दोघं वर आले. घर उघडलं, सारवलं, पंधरा दिवस राहिले. आता हेच चाललंय. पावसाळ्यात आणि कडाक्याच्या थंडीत खाली, बाकीचे दिवस वाटेल तेव्हा वर. करार संपला की पुन्हा करायचा. यंदा दुसरा पावसाळा. पुढं कायमचं खाली राहायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही, आणि ठरवायची घाईही नाही. वरचं घर विकलेलं नाही म्हणून घाई नाही.

मैत्रिणींनो, तुमचं गाव आमच्यासारखं थंड नसेल. कुणाला उलट उन्हातून सावलीला जायचं असेल, कुणाला दुष्काळातून पाण्याकडं. पण तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं बोलून बघा. महिन्याला हातात नक्की किती येतात? त्या गावी आपण थंडीत, उन्हात आणि पावसात, तिन्ही वेळा राहून बघितलंय का? नुसती आपणच तिकडं जाणार, की आपल्या गावची माणसं तिथं आपणहून येतात? एक जण मागं राहिलं, तर त्या घराच्या कागदावर तिचं नाव आहे का? आणि हे सगळं झाल्याशिवाय राहतं घर विकायला काढू नका.

मागच्या जत्रेला त्या आत्या आल्या होत्या, ज्यांना कुठं उतरायचं ते ठरवावं लागतं. काकूंनी त्यांना स्टँडवरच गाठलं आणि वरच्या घरी नेलं. उताऱ्याचा कागद ट्रंकेतून काढून दाखवला. आत्यांना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "ह्यात तुजं नाव कुठं?" काकूंनी बोट ठेवून दाखवलं.